अरबी, इस्लामी आणि उत्तरवसाहतवादी अभ्यास: पहिल्या परिषदेपासून पहिल्या फेलोशिपपर्यंत

अरबी साहित्य, इस्लामचा इतिहास, उत्तरवसाहतवादी समीक्षा (वसाहतवादाचा साहित्यावर आणि ज्ञानावर पडलेला ठसा तपासणारी) या विषयांत काम करणाऱ्यांसाठी वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी चालू असते. परिषदा असतात, कार्यशाळा असतात, उन्हाळी भाषावर्ग, हस्तलिखितांची प्रशिक्षणे, फेलोशिप, नियतकालिकांचे विशेषांक असतात. तरी नव्या अभ्यासकाच्या हाती त्यातले फार थोडे लागते. त्याला हुशारी कमी पडते असे नाही. नोव्हेंबरातल्या परिषदेचा गोषवारा फेब्रुवारीत द्यायचा होता हे त्याला मार्चमध्ये कळते. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना जेमतेम चार दिवस मिळतात. आणि गोषवाऱ्यात सिद्धांतकारांची नावे रांगेने येतात, पण प्रत्यक्ष कोणता मजकूर वाचला ते येत नाही. या तिन्ही गोष्टी वेळेत दुरुस्त करता येतात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला असलेल्यांनी पुढच्या क्रमाने जावे.

पहिली पायरी: निबंध कुणासमोर वाचायचा ते ठरवा

या क्षेत्रात निदान तीन वेगवेगळ्या सवयींचे श्रोते आहेत. पहिले पाठचिकित्सेच्या, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर ठरवण्याच्या, आणि भाषाशास्त्राच्या परंपरेतले. ते आधी विचारतात की कोणती प्रत वाचली, कोणती आवृत्ती वापरली, हा शब्द असाच का वाचला. दुसरे मध्यपूर्वेच्या इतिहासाचे आणि समाजाचे अभ्यासक. त्यांना काळ, ठिकाण, दफ्तरखान्यातली कागदपत्रे आणि माणसे हवी असतात. तिसरे तुलनात्मक साहित्य आणि उत्तरवसाहतवादी विचारातले. तुमच्या वाचनामुळे सत्ता, भाषा आणि ज्ञान यांच्याबद्दलची कोणती समजूत बदलते, हे त्यांना ऐकायचे असते.

समजा तुमचा विषय कैरोच्या 'अल-हिलाल' मासिकातले वाचकांच्या प्रश्नांचे सदर आहे. जुर्जी झैदान यांनी हे मासिक १८९२ मध्ये सुरू केले, म्हणजे ब्रिटिशांनी इजिप्त ताब्यात घेतल्यावर दहा वर्षांनी. पहिल्या श्रोत्यांसाठी तुम्ही उत्तरांमधल्या नव्या वैज्ञानिक संज्ञा कशा घडवल्या गेल्या ते दाखवाल. दुसऱ्यांसाठी प्रश्न पाठवणारे लोक कोण, कोणत्या शहरांतले, अंक त्यांच्यापर्यंत कसा पोचत होता हे शोधाल. तिसऱ्यांसाठी परकीय सत्तेच्या सावलीत 'जाणकार' कोण ठरतो हा प्रश्न पुढे आणाल. साधन तेच, पण मसुदे तीन. एकच गोषवारा तिन्हीकडे पाठवला तर तिन्हीकडे तो अर्धवट वाटतो, आणि नाकारण्याचे कारणही कुणी कळवत नाही.

दुसरी पायरी: वर्षाचे वेळापत्रक उलटे मांडा

मोठ्या संस्थांच्या वार्षिक परिषदांचे महिने फारसे बदलत नाहीत. ते लक्षात ठेवले की निम्मी धावपळ वाचते.

मिडल ईस्ट स्टडीज असोसिएशन, म्हणजे सगळे जिला 'मेसा' म्हणतात ती संस्था, १९६६ ची. तिचे अधिवेशन बहुधा नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेत असते आणि प्रस्ताव त्याच वर्षीच्या फेब्रुवारीच्या सुमारास मागवतात. प्रस्ताव देताना सभासदत्व लागते, त्यामुळे शेवटच्या रात्री कार्ड चालले नाही म्हणून प्रस्ताव राहून जाण्याचा धोका असतो. सभासद शुल्क आठवडाभर आधी भरून टाकावे. ब्रिटनमधली मध्यपूर्व अभ्यासाची संस्था 'ब्रिस्मेस' १९७३ ची, तिची परिषद उन्हाळ्यात. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजनचे अधिवेशन नोव्हेंबरात असते. त्यात इस्लामच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो दरवर्षी आपले विषय जाहीर करतो. मध्यपूर्व अभ्यासाची जागतिक परिषद 'वोकमेस' साधारण चार वर्षांनी भरत आली: माइन्झ २००२, अम्मान २००६, बार्सिलोना २०१०, अंकारा २०१४, सेव्हिल २०१८.

साहित्याच्या बाजूला मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही १८८३ पासूनची संस्था. अधिवेशन जानेवारीत, पण सत्रांसाठीची आवाहने, म्हणजे निबंध मागवणाऱ्या घोषणा, आदल्या वर्षीच्या वसंतात निघतात, म्हणजे जवळजवळ दहा महिने आधी. अमेरिकन कम्पॅरेटिव्ह लिटरेचर असोसिएशनची पद्धत वेगळी आणि नवख्यासाठी फार चांगली आहे. तिथे आठ ते बारा जणांचा एक गट सलग दोन-तीन दिवस रोज एकत्र बसतो. वीस मिनिटे वाचून उठायचे आणि निघायचे असे होत नाही. त्याच त्याच लोकांशी रोज चर्चा होते, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचा धागा पुढे जातो. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद निवडायची असेल तर या पद्धतीची निवडावी. राष्ट्रकुलातल्या साहित्याचा अभ्यास करणारी 'अ‍ॅक्लाल्स' १९६४ मध्ये लीड्सला स्थापन झाली. तिची मुख्य परिषद तीन वर्षांनी होते, पण प्रादेशिक शाखांच्या परिषदा मधल्या काळात होत राहतात.

हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांनी केंब्रिजच्या इस्लामिक मॅन्युस्क्रिप्ट असोसिएशनवर लक्ष ठेवावे. ती २००५ पासून जतन, सूचीकरण आणि डिजिटायझेशन यांवर काम करते.

नवी आवाहने पाहण्यासाठी एच-नेट या अभ्यासकांच्या ऑनलाइन जाळ्याची घोषणापाने आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाची आवाहनांची यादी या दोन जागा आठवड्यातून एकदा पाहिल्या तरी पुरे. रोज पाहू नका. रोज पाहिले की अर्ज करण्यापेक्षा अर्ज करण्यासारख्या गोष्टी गोळा करण्यातच वेळ जातो.

आता एक तक्ता करा. त्यात प्रत्येक संधीपुढे चार तारखा लिहा: परिषदेची, निकालाची, अंतिम मुदतीची आणि तुमच्या स्वतःच्या मुदतीची. स्वतःची मुदत अधिकृत मुदतीच्या दोन आठवडे आधीची धरा. मुदत मध्यरात्रीची असेल तर ती कोणत्या देशाची मध्यरात्र, तेही लिहा. बर्लिनची मध्यरात्र आणि लॉस एंजेलिसची मध्यरात्र यांत नऊ तासांचे अंतर असते.

तिसरी पायरी: आवाहन नीट वाचा

आवाहन दोनदा वाचावे. पहिल्यांदा विषयासाठी, दुसऱ्यांदा अटींसाठी. दुसऱ्या वाचनात या गोष्टी शोधा: पूर्ण निबंध आधी पाठवायचा आहे का आणि किती शब्दांचा, गोषवाऱ्याची मर्यादा, कोणत्या भाषांत वाचता येईल, प्रवासखर्च मिळतो की फक्त राहण्याची सोय, आणि निबंध पुढे पुस्तकात किंवा विशेषांकात घेणार आहेत का. कार्यशाळेत निबंध आधीच सगळ्यांकडे जातो आणि बैठकीत तुम्हाला पाचच मिनिटे बोलायचे असते. ज्यांना हे ठाऊक नसते ते वीस मिनिटांचे भाषण लिहून येतात आणि मूळ निबंध मात्र अर्धा राहतो.

विषयांच्या यादीखाली 'यांपुरतेच मर्यादित नाही' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काहीही चालेल असा नसतो. आयोजकांना सत्रे जुळवायची असतात. यादीतल्या एखाद्या मुद्द्याला तुमचा विषय भिडत असेल तर गोषवाऱ्यात तो मुद्दा स्पष्टपणे घ्या, म्हणजे तुम्हाला कोणत्या सत्रात बसवायचे हे त्यांना लगेच दिसते.

फसव्या परिषदा या क्षेत्रातही आहेत. त्या ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. अर्ज पाठवल्यावर दोन दिवसांत 'निवड झाली' असे पत्र येते. एकाच परिषदेत इस्लामी अभ्यास, नर्सिंग आणि व्यवस्थापन असे सगळे विषय असतात. निवड समितीत ओळखता येतील अशी नावे नसतात, किंवा असतात पण त्या प्राध्यापकांच्या स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख सापडत नाही. तोच आयोजक एकाच महिन्यात वेगवेगळ्या शहरांत डझनभर परिषदा भरवत असतो. शुल्क लगेच मागतात आणि निबंध छापून अमुक नियतकालिक-सूचीत येईल अशी हमी आधीच देतात. प्रामाणिक परिषद छापण्याची हमी देत नाही, कारण छापायचे की नाही हे परीक्षकांच्या हाती असते. शंका आली तर मागच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका शोधा. खऱ्या परिषदेची पत्रिका वक्त्यांच्या नावांसह, सत्रांच्या वेळांसह सापडते.

चौथी पायरी: गोषवारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक ठिकाणी २५० ते ४०० शब्द मागतात. तीनशे शब्दांचा गोषवारा असेल तर त्याची वाटणी साधारण अशी जमते: विषय आणि काळ यांना चाळीस शब्द, आजवरच्या अभ्यासात नेमके काय पाहिले गेले नाही त्याला साठ, तुमच्या साधनांना सत्तर, युक्तिवादाला शंभर, आणि यामुळे श्रोत्यांना काय मिळेल त्याला उरलेले तीस. नवख्यांच्या गोषवाऱ्यात नेमके उलटे होते. दीडशे शब्द प्रस्तावनेत जातात, साधनांना एक ओळ मिळते आणि युक्तिवाद 'शोध घेतला जाईल' या शब्दांत संपतो.

फरक कसा दिसतो ते पाहा. एक वाक्य असे: 'हा निबंध एकोणिसाव्या शतकातल्या अरबी वृत्तपत्रसृष्टीत वसाहतवाद, आधुनिकता आणि अस्मिता यांच्या गुंतागुंतीच्या नात्याचा वेध घेतो.' हे वाक्य कोणत्याही निबंधाला लावता येते, म्हणून परीक्षक ते वाचून पुढे जातो. आता हे: 'अल-हिलालच्या १८९२ ते १९०० या काळातल्या अंकांत वाचकांनी वैद्यकाविषयी विचारलेले प्रश्न आणि संपादकांची उत्तरे मी वाचतो. उत्तर देताना आधार म्हणून युरोपीय पुस्तक पुढे केले जाते, जुना अरबी ग्रंथ की कैरोतला एखादा डॉक्टर, हे प्रत्येक उत्तरात तपासून या काळात प्रमाणाची जागा कशी सरकत गेली ते मी दाखवतो.' इथे साधन आहे, काळ आहे, मोजण्याची रीत आहे, आणि परीक्षकाला आडवा प्रश्न विचारता येईल असा मुद्दाही आहे. आडवा प्रश्न विचारता येणे ही चांगल्या गोषवाऱ्याची खूण आहे.

अजून न वाचलेल्या साधनाबद्दल निष्कर्ष लिहू नका. गोषवारा आणि परिषद यांत आठ-नऊ महिने जातात, त्या काळात निष्कर्ष बदलू शकतो आणि सगळ्यांना ते मान्य असते. पण साधन हातात नसेल तर निबंधच उभा राहत नाही. अर्ज करण्याआधी निदान एक वर्षाचे अंक, एका हस्तलिखिताची पाने किंवा एका कादंबरीचा मूळ मजकूर तुमच्यापाशी असला पाहिजे.

अरबी मजकूर अनुवादातून वाचत असाल तर तसे सांगा. उत्तरवसाहतवादी सत्रांत हे चालते, कारण तिथे कधी कधी अनुवाद हाच अभ्यासाचा विषय असतो. अरबी साहित्याच्या सत्रात मात्र ते चालणार नाही, आणि लपवले तर पहिल्याच प्रश्नात उघडे पडते.

पाचवी पायरी: लिप्यंतर, नावे आणि तारखा

बाहेरून हे किरकोळ वाटते. आतल्या माणसाला अर्ज हातात घेतल्या घेतल्या तुमची तयारी इथेच दिसते.

रोमन लिपीत अरबी लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. इंग्रजी लेखनात 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ मिडल ईस्ट स्टडीज' या नियतकालिकाची पद्धत सर्वांत जास्त चालते, ग्रंथालयांची स्वतःची आहे, जर्मन परंपरेची वेगळी आहे. कोणतीही एक घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मिसळ झाली की परीक्षकाला वाटते, दुय्यम पुस्तकांतून जसेच्या तसे उचलले आहे. त्या नियतकालिकाच्या पद्धतीत व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे अक्षरांखालचे टिंब आणि वरच्या रेघा न देता लिहितात, पण ऐन आणि हमझा या दोन अरबी ध्वनींची चिन्हे राखतात. तांत्रिक संज्ञांना मात्र सगळी चिन्हे लागतात.

ऐन आणि हमझा यांसाठी कीबोर्डवरचे अवतरणचिन्ह वापरू नका. युनिकोडमध्ये दोघांसाठी वेगळी अर्धवर्तुळे आहेत, ऐनचे उजवीकडे उघडे आणि हमझाचे डावीकडे उघडे. अवतरणचिन्ह टाकले की वर्ड ते आपोआप वळवते, ऐनचा हमझा होतो आणि शब्दच बदलतो. ऑनलाइन अर्जात चिन्हे कधी कधी चौकोन होऊन येतात. म्हणून मजकूर पेटीत टाकल्यावर जतन करा, पान पुन्हा उघडून पाहा आणि बिघडले असेल तर शीर्षकातली चिन्हे काढून टाका. बिघडलेल्या चिन्हांपेक्षा चिन्हे नसलेले शीर्षक केव्हाही बरे.

नावांचा शोध हा वेगळाच प्रकार आहे. एकच माणूस इजिप्शियन उच्चाराने 'ग'ने आणि इतरत्र 'ज'ने लिहिला जातो, फ्रेंच पुस्तकांत तिसऱ्याच रीतीने. सूचीत 'अल-' धरून क्रम लावत नाहीत, म्हणून अल-जाहिझ हा लेखक 'ज'मध्ये शोधायचा. शिवाय ज्या नावाने माणूस प्रसिद्ध आहे ते त्याचे जन्मनाव असेलच असे नाही. अरबी लिपीत शोधताना अलिफ या अक्षरावर हमझा देऊन आणि न देता, शब्दाच्या शेवटच्या 'या' अक्षराला टिंबे देऊन आणि न देता असे दोन्ही प्रकार टाकून पाहा. छापील इजिप्शियन मजकुरात ती टिंबे बहुतेकदा नसतातच. 'सापडले नाही' असे ठरवण्याआधी हे चारही शोध झालेले असावेत.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, त्यामुळे एक हिजरी वर्ष जवळजवळ नेहमी दोन इसवी वर्षांत पसरते. १३१० हिजरी म्हणजे १८९२-९३. महिना ठाऊक नसेल तर असेच जोडवर्ष लिहा, अंदाजाने एक वर्ष टाकू नका. आणि ऑटोमन कागदपत्रांत 'रूमी' किंवा 'माली' नावाचे सौर आर्थिक वर्षही चालत असे. रूमी १३१० म्हणजे १८९४-९५. आकडा तोच दिसतो आणि दोन वर्षांची चूक होते. अशा चुकीमुळे आधीचे पत्र नंतरचे ठरते आणि मग सगळा युक्तिवाद कोसळतो. कागदावर महिन्याचे नाव असेल तर ते आधी वाचा: मुहर्रम, सफर असे असेल तर हिजरी, मार्त, निसान असे असेल तर रूमी.

भाषावर्ग निवडताना

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजी भाषकाला अरबीत कामापुरते प्रावीण्य यायला सुमारे २२०० तासिका धरते. आठवड्याला वीस तासांचा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग म्हणजे १२० तास. तेवढ्यात कादंबरी वाचता येणार नाही, पण वर्षभर रखडलेले व्याकरण सुटते आणि कोश हाताळता येऊ लागतो. अरबी कोश मूळ धातूच्या क्रमाने लावलेले असतात. धातू ओळखता येत नाही तोवर कोश उपयोगाचा नाही, म्हणून पहिल्या वर्गाचे उद्दिष्ट एवढेच ठेवावे.

ट्युनिसमधली बुर्गीबा भाषासंस्था, अम्मानमधली कासिद संस्था आणि निकट पूर्वेतल्या फ्रेंच संस्थेचे, म्हणजे 'इफ्पो'चे वर्ग ही जुनी, ओळखीची ठिकाणे. १९६७ पासून चालणारा 'कासा' हा अरबीचा प्रगत वर्ग आणि अमेरिकेची क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप यांची नावे सगळीकडे वाचायला मिळतात, पण ती अमेरिकी नागरिकांसाठी आहेत. 'कासा'त कायम रहिवासीही येतात. इतरांनी त्यांच्या अर्जात वेळ घालवू नये. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या पानावर पात्रतेची ओळ सर्वांत आधी वाचायची.

स्वतःची पातळी सांगताना 'मध्यम' असे लिहू नका. युरोपीय मोजपट्टीवर ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत, त्यांत वाचन, बोलणे आणि लिहिणे वेगवेगळे सांगा. प्रमाण अरबी वाचता येते, कैरोची बोली बोलता येत नाही, हे वाक्य संपूर्ण प्रामाणिक आहे आणि दफ्तरखान्यात काम करणाऱ्याला पुरेसेही आहे.

फेलोशिपचा अर्ज

पीएच.डी. झालेल्यांसाठी युरोप आणि मध्यपूर्व यांच्या नात्यावरचा बर्लिनचा 'यूमे' कार्यक्रम, अबू धाबीतल्या न्यूयॉर्क विद्यापीठाची अरब जगताच्या अभ्यासासाठीची मानव्यविद्या फेलोशिप, हार्वर्ड आणि एमआयटी इथला इस्लामी वास्तुकलेचा आगा खान कार्यक्रम ही नावे माहीत असावीत. लायडनच्या ग्रंथालयात तिथल्या संग्रहावर काम करण्यासाठी अल्पमुदतीच्या फेलोशिप असतात. अरबीचे अध्यासन तिथे १६१३ पासून आहे आणि हस्तलिखितांचा संग्रहही त्याच तोलाचा. पदव्युत्तर शिक्षणाच्या शोधात असलेल्यांनी लंडनमधली आगा खान विद्यापीठाची मुस्लिम संस्कृतींच्या अभ्यासाची संस्था आणि दोहा इन्स्टिट्यूट पाहावे. दोहा इन्स्टिट्यूटचे शिक्षण मुख्यतः अरबीतून होते हे ध्यानात ठेवूनच. बैरूतची अरब कौन्सिल फॉर द सोशल सायन्सेस अनुदाने देते, ती प्रामुख्याने अरब प्रदेशातल्या संशोधकांना.

अर्जात समितीला एकच मुख्य प्रश्न असतो: हे काम इथेच का? 'आपल्या समृद्ध ग्रंथालयाचा लाभ' हे उत्तर नव्हे. त्या ग्रंथालयाची सूची उघडा, तुम्हाला लागणाऱ्या तीन-चार हस्तलिखितांचे किंवा फायलींचे क्रमांक लिहा आणि प्रत्येकातून काय हवे आहे ते एकेका वाक्यात सांगा. त्याआधी ती कागदपत्रे ऑनलाइन आहेत का तेही पाहून घ्या. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या आखातविषयक नोंदींपैकी पुष्कळ भाग २०१४ पासून कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतो. तोच भाग पाहायला प्रवासखर्च मागितला तर अर्ज तिथेच संपतो. घरी बसून जे वाचता येते ते वाचून झाले आहे, आणि आता जे उरले ते फक्त तिथेच आहे, असा अर्ज बलवान ठरतो.

कामाचा आराखडा महिन्यांत मांडा. नव्या संग्रहात पहिला महिना ओळखपत्रे, परवानग्या आणि सूची समजून घेण्यात जातो, तो रिकामा ठेवा. रमजानमध्ये अनेक ठिकाणी वाचनालयांचे तास कमी होतात आणि रमजान इसवी वर्षात दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो. साप्ताहिक सुट्टीही तपासा. इजिप्त आणि जॉर्डनमध्ये ती शुक्रवार-शनिवार असते, मोरोक्को आणि ट्युनिशियात शनिवार-रविवार. तीन आठवड्यांच्या दौऱ्यात या गोष्टींनी चार-पाच दिवस सहज जातात.

शिफारसपत्रासाठी सहा आठवडे आधी विचारा. विचारताना आवाहनाचा दुवा, आराखड्याचा मसुदा, तुमचा परिचय, तुम्ही त्या प्राध्यापकांकडे केलेल्या कामाची दोन वाक्यांत आठवण आणि पत्र कुठे, केव्हा पाठवायचे ही माहिती एकाच ईमेलमध्ये द्या. दहा दिवस राहिले असताना एक आठवण पुरते. तुमची भाषा शिकवलेल्या शिक्षकांचे एक पत्र असेल तर ते नामवंत पण परक्या माणसाच्या पत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तुम्ही मजकूर खरोखर वाचू शकता हे तेच सांगू शकतात.

पैसे आणि व्हिसा

निवडीचे पत्र आले की त्याच दिवशी तीन गोष्टी करा: होकार कळवा, व्हिसासाठी आमंत्रणपत्र मागा, आणि शुल्कात सवलत आहे का विचारा. आमंत्रणपत्रात पासपोर्टवरचेच नाव, निबंधाचे शीर्षक, तारखा आणि खर्च कोण करणार हे असावे. यांतले एक जरी नसले तरी व्हिसा कार्यालय पत्र परत करू शकते. सवलतीची विनंती दोन वाक्यांत करावी, लाजू नये. अनेक संस्थांकडे विद्यार्थ्यांसाठी रक्कम बाजूला ठेवलेली असते आणि ती मागणाऱ्यालाच मिळते. जाणे जमणार नाही असे दिसले तर लवकर कळवा आणि ऑनलाइन वाचता येईल का विचारा. न कळवता गैरहजर राहिलेल्याचे नाव आयोजक विसरत नाहीत, आणि तुमच्या जागी एखाद्याला संधी मिळाली असती हेही खरेच.

निबंध वाचताना

एका सत्रात तीन-चार निबंध, प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटे. पंधरा मिनिटांत इंग्रजीचे सुमारे १९०० शब्द निवांत वाचून होतात. अरबी उतारे मूळ आणि अनुवाद असे दोन्ही वाचणार असाल तर १६०० वर थांबा. उतारे तीनपेक्षा जास्त नकोत. ते छापील कागदावर वाटले तर श्रोते मूळ शब्द डोळ्यांनी पाहू शकतात, आणि चर्चाही त्या शब्दांवर होते.

पडद्यावरच्या अरबी मजकुराची तपासणी आदल्या दिवशी करा. दुसऱ्या संगणकावर फाँट नसला की अक्षरे तुटून सुटी होतात, किंवा ओळ उलट्या दिशेने जाते आणि विरामचिन्हे भलत्या टोकाला दिसतात. फाँट अंतर्भूत करून पीडीएफ काढली की हा त्रास राहत नाही. हस्तलिखिताचे छायाचित्र दाखवणार असाल तर संग्रहाचे नाव आणि क्रमांक चित्राखाली लिहा. व्याख्यानात दाखवण्याची आणि छापण्याची परवानगी वेगवेगळी असते. छापण्याची परवानगी आत्ताच मागून ठेवा, तिला महिने लागू शकतात.

परिषदेनंतर

घरी आल्यावर आठवड्याच्या आत प्रश्न लिहून काढा, विसरण्याआधी. मग निबंध कुठे द्यायचा ते ठरवा. परिषदेच्या घाईच्या संग्रहात तो देऊन टाकू नका, कारण एकदा छापलेला मजकूर चांगले नियतकालिक घेत नाही. 'जर्नल ऑफ अरेबिक लिटरेचर', कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाचे 'अलिफ', 'इंटरव्हेन्शन्स', 'लिटरेचर, क्रिटिक, अँड एम्पायर टुडे' (पूर्वीचे 'जर्नल ऑफ कॉमनवेल्थ लिटरेचर') यांचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा आणि तुमच्या लेखाचे शेजारी कुठे दिसतात ते पाहा. 'अलिफ'चा प्रत्येक अंक एका विषयाला वाहिलेला असतो आणि तो इंग्रजीबरोबर अरबी लेखही छापतो.

वीस मिनिटांच्या निबंधाचा आठ-दहा हजार शब्दांचा लेख करायला साधारण चार महिने धरा. परीक्षकांचा अभिप्राय यायला आणखी तीन ते नऊ. दुरुस्त्या मागितल्या तर तो नकार नव्हे. प्रत्येक सूचना एका रकान्यात, तुम्ही काय केले ते दुसऱ्यात आणि पृष्ठक्रमांक तिसऱ्यात असा तक्ता लेखासोबत पाठवा. जी सूचना मान्य नाही तिच्यापुढे मजकुरातला पुरावा द्या, आणि त्या पुराव्यातले लिप्यंतर नियतकालिकाच्या पद्धतीत आहे ना ते पाठवण्याआधी पुन्हा पाहून घ्या.